संगणकाला लोकभाषा शिकविणारी विदुषी : ग्रेस हॉपर

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे असावीत, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. तथागत बुद्ध, जोतीराव व सावित्रीबाई फुले, राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची चरित्रे आपल्या घराघरांत वाचली जातात. या वेळी आम्ही एका अमेरिकन गणितज्ञ स्त्रीचे चरित्र मांडत आहोत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी मुले-मुली आज संगणकाच्या आधारे आपला संसार उभा करीत आहेत. ज्या विद्येवर आपली भाकरी अवलंबून आहे, तिचा इतिहास आपल्याला माहीत असावा, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ज्ञान कोणत्या भाषेत बोलावे आणि ते कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. तोच प्रश्न संगणकाच्या जन्मकाळीही उभा राहिला होता, आणि त्याला ज्यांनी सरळ उत्तर दिले, त्यांत ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची विलक्षण ओढ होती. परंतु मुलींनी गणितात फार खोल शिरू नये, असा तो काळ होता, आणि तिला भूमितीच्या पलीकडे जाता आले नाही. पुढे वडिलांना रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे पाय गमवावे लागले. आपण फार काळ जगू की नाही, ही चिंता त्यांना होती. म्हणून मुलाला जे शिक्षण मिळेल तेच मुलींनाही मिळाले पाहिजे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सात वर्षांच्या वयात ग्रेस यांनी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडली. आईने रागावून त्यांना एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा दिली. ती काढून घेतली नाही. जुलै १९१३ मध्ये, म्हणजे जवळपास त्याच दिवसांत, त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब दाखल झाले होते. या योगायोगातून कोणतेही नाते सिद्ध होत नाही. पण एकाच नगरात एक तरुण आणि एक बालिका आपापल्या परीने जगाची यंत्रणा उकलून पाहत होती, हे चित्र आम्हाला मोलाचे वाटते.

१९२८ साली त्यांनी व्हॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळविली. पहिल्या प्रयत्नात लॅटिन भाषेच्या परीक्षेत अपयश आल्याने त्यांचा प्रवेश एक वर्ष लांबला होता, ही गोष्ट परीक्षेत एकदा मागे पडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. १९३० मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची एम. ए. आणि १९३४ मध्ये तेथूनच गणितातील पीएच. डी. संपादन केली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो १९४५ मध्ये संपुष्टात आला, परंतु हॉपर हे नाव त्यांनी अखेरपर्यंत लावले. १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच गणित शिकवीत होत्या. दुसरे महायुद्ध पेटले नसते, तर एक उत्तम अध्यापिका म्हणूनच त्यांचे आयुष्य गेले असते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी नौदलात जाण्याचा निश्चय केला. वय अधिक होते आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी होते. विशेष सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षण पूर्ण होताच १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथे मार्क वन हे अवाढव्य गणकयंत्र होते : लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. ते सेकंदाला तीन बेरजा करी. आज हे ऐकून हसू येईल. पण माणसांच्या तुकडीला महिनोन् महिने लागणारी कोष्टके ते यंत्र रात्रंदिवस चालून तयार करीत असे. यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. मार्क वनच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून द्याव्या लागत, आणि कोणत्या कामासाठी कोणती छिद्रे, हे मोजक्याच लोकांना ठाऊक असे. या यंत्राची ५०० हून अधिक पृष्ठांची मार्गदर्शिका हॉपर यांनी सिद्ध केली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट झाकून ठेवू नये. ही विद्या युद्धाच्या छायेत वाढली. १९४४ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अणुबॉम्बच्या स्फोटरचनेसंबंधीचे गणित याच यंत्रावर सोडवून घेतले. त्या रचनेचा बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला. त्या आकडेमोडीचा हेतू यंत्रावर काम करणाऱ्यांना सांगण्यात आला नव्हता. प्रज्ञेला शील आणि करुणा यांची जोड असलीच पाहिजे, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले, ते का, हे समजण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आपण कशासाठी राबतो आहोत हे विचारण्याचा हक्क विद्यावंताने कधीही सोडू नये.

मार्क वनवर काम करताना हॉपर यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. वर्गमूळ काढणे, ज्या काढणे अशी काही कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा येत. ज्याने ती आज्ञांची मालिका एकदा नीट बसविली असेल, त्याच्या वहीतून दुसरा ती उतरवून घेई. हॉपर, रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे सहकारी अशा वह्यांची देवाणघेवाण करीत. वसतिगृहात वरच्या वर्गातील मुलांच्या वह्या उतरवून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही रीत नवी वाटणार नाही, आणि तिच्यातील धोकाही नवा वाटणार नाही. उतरविताना चूक होते. पुढच्या काळातील यंत्रांत तर नुसते उतरवून भागत नसे. प्रत्येक आज्ञेत यंत्राच्या स्मृतीतील एखाद्या जागेचा क्रमांक असतो. तुकडा नव्या जागी ठेवला की त्यातील असे सगळे क्रमांक बेरीज करून बदलावे लागत, आणि एक आकडा चुकला की सारे गणित कोसळे. उतरविणे आणि बेरीज करणे, ही दोन्ही कामे माणूस वाईट करतो आणि यंत्र उत्तम करते. मग ती यंत्रालाच का देऊ नयेत, असा विचार त्यांच्या मनात रुजला.

युद्ध संपले, हार्वर्डमधील कराराची मुदत १९४९ मध्ये संपली. हा काळ त्यांना जड गेला. कामाचा ताण, मोडलेला संसार आणि अनिश्चित भविष्य यांमुळे त्या मद्याच्या आहारी गेल्या होत्या. स्नेह्यांनी त्यांना खडसावले, सावरले. थोरांच्या चरित्रातून अशी पाने वगळण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही ती वगळत नाही. कारण पडलेला माणूस सन्मार्गावर परत येतो, आणि त्यासाठी त्याला कल्याणमित्र लागतात, हा आपल्याच धम्माचा बोध आहे.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली यांच्या कंपनीत रुजू झाल्या. तेथे युनिव्हॅक हा संगणक आकार घेत होता. त्याआधीच्या बायनॅक या यंत्रासाठी त्यांनी आठ अंकांच्या गणनपद्धतीत इतके प्रावीण्य मिळविले की, त्यांच्या बँकखात्याचा हिशेब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने शोध घेतला, तेव्हा कळले की, घरचा हिशेबही त्या कधी कधी आठाच्या पद्धतीने करीत होत्या. या गमतीतून त्यांनी गंभीर निष्कर्ष काढला : माणसाने यंत्राची भाषा अंगी बाणवून स्वतःला वाकविण्यापेक्षा यंत्राला माणसाकडे आणले पाहिजे.

या विचाराचे पहिले फळ म्हणजे ए-झिरो. १९५१-५२ मध्ये त्यांनी ते तयार केले. तपासलेल्या उपआज्ञावली, म्हणजे नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे छोटे तुकडे, त्यांनी चुंबकीय फितीवर साठविले आणि ग्रंथालयातील पुस्तकांना असतो तसा प्रत्येकाला क्रमांक दिला. वापरणाऱ्याने फक्त क्रमांकांची यादी आणि लागणारी माहिती द्यायची. ए-झिरो फितीवरून ते तुकडे शोधून काढी, एकापुढे एक मांडी, जागांचे क्रमांक स्वतः बदली आणि एकसंध आज्ञावली सिद्ध करी. ग्रंथालयातून वेचून एकत्र करणे, या अर्थाने त्यांनी त्याला कंपायलर हे नाव दिले. मराठीतील संकलक हा शब्द या मूळ अर्थाला अगदी जुळतो. आजच्या परिभाषेत मात्र त्या कामाचा मोठा भाग लिंकरचा, म्हणजे जोडणी करणाऱ्या साधनाचा ठरेल.

या जोडणीत एक पेच होता. आधीच्या तुकड्यातून पुढच्या तुकड्याकडे उडी मारायची असेल, पण तो पुढचा तुकडा कोठे बसणार हे अजून ठरलेले नसेल, तर कोणता क्रमांक लिहावा? हॉपर यांना महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. त्या काळच्या मुलींच्या खेळात चेंडू घेऊन पुढे धावता येत नसे. तो सहकारी खेळाडूकडे सोपवावा लागे आणि मग आपण पुढे सरकून तो परत घ्यावा लागे. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक राखीव कोपरा ठेवला. उडी तात्पुरती त्या कोपऱ्याकडे घ्यायची आणि पुढच्या तुकड्यासाठी तेथे निरोप ठेवायचा; तो तुकडा आपल्या जागी बसला की निरोपाच्या जागी खरा पत्ता भरायचा. ठाऊक नसलेल्या पत्त्याची जागा राखून ठेवणे आणि तो कळताच भरणे, हे लिंकरच्या कामाचे सार आजही तेच आहे. आपल्या संगणक कक्षात आज्ञावलीचे प्रत्येक पान बिनचूक असूनही अखेरीस अमुक नाव सापडले नाही असा संदेश येतो, तेव्हा घडलेले एवढेच असते : निरोप ठेवला गेला, पण तो घेणारे कोणी आले नाही.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी हा विचार शोधनिबंधाद्वारे मांडला. स्वागत थंड झाले. संगणक आकडेमोड करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असे जाणकार म्हणत. विरोधाचे एक कारण अज्ञान होते. दुसरे मात्र आपल्या ओळखीचे आहे. त्या काळचे आज्ञावलीकार स्वतःला एखाद्या पुरोहितवर्गासारखे समजत आणि सामान्यांना अगम्य असलेल्या विद्येचे आपण रक्षक आहोत, असा त्यांचा तोरा असे. या क्षेत्रातील लोकांनीच पुढे तशी आठवण नोंदविली आहे. मंत्र कळेनासा झाला की मांत्रिकाचे मोल वाढते, हे भारतात सांगायला नको. हॉपर यांनी उलट वाट धरली. १९५३ मधील ए-टू ही सुधारित आवृत्ती त्यांच्या संस्थेने ग्राहकांना मूळ लेखनासह दिली आणि सुधारणा सुचवून परत पाठविण्यास सांगितले.

यापुढचे पाऊल भाषेचे होते. व्यापारी, कारकून, हिशेबनीस यांना गणिताची चिन्हे परकी वाटतात. मग त्यांना नित्याच्या शब्दांत आज्ञा का देता येऊ नयेत? १९५५ मध्ये त्यांनी इंग्रजी शब्दांवर चालणारा नमुना तयार केला. त्यातूनच पुढे फ्लो-मॅटिक ही भाषा विकसित झाली. वरिष्ठांना दाखविताना त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविली. परिणाम उलटा झाला. अमेरिकन यंत्राला परकी भाषा कशी समजेल, म्हणून वरिष्ठ बिथरले. यंत्राच्या दृष्टीने सर्व भाषांचे शब्द सारखेच, केवळ खुणा, ही साधी गोष्ट त्यांना पटवून देण्यास कित्येक महिने लागले. हे वाचताना आम्हाला विनयपिटकातील प्रसंग आठवतो. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदोबद्ध उच्चभाषेत बांधण्याची अनुमती मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने धम्म आपापल्या भाषेत शिकावा, असे सांगितले. दोन्ही प्रसंगांत अडीच सहस्र वर्षांचे अंतर आहे आणि त्यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु भाषेचा अडसर काढला की ज्ञानाचा दरवाजा किती जणांना उघडतो, हे दोन्हींतून दिसते.

एवढ्याने काम संपले नव्हते. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉन येथे बैठक झाली आणि व्यवहारासाठी एक समाईक भाषा घडविण्याचे ठरले. ती भाषा म्हणजे कोबोल. तिच्यावर फ्लो-मॅटिकचा मोठा ठसा आहे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली अल्पशा बदलांनिशी युनिव्हॅक आणि आरसीए या दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली.

कोबोलची निर्मिती हॉपर यांनी एकट्यानेच केली, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. अशी भाषा हवी, ही हाक मेरी हॉझ यांनी दिली. रचनेचा भार जीन सॅमेट, गरट्रूड टिअर्नी आदींच्या समितीने वाहिला. हॉपर सल्लागार होत्या. आज्ञावलीनेच आज्ञावली लिहिण्याची दिशा त्यांना बेटी होल्बर्टन यांच्या कामातून सापडली होती. १९४७ मध्ये मार्क टू यंत्रात सापडलेल्या पतंगाची गोष्टही त्यांच्या नावावर खपते. तो त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. तो मानायचा तर चरित्रनायिकेचे श्रेय मोजून द्यावे, आणि तिच्या सोबतिणींची नावेही लिहावीत.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलाविले. ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षे चालले. परत बोलाविण्याचे कारण या चरित्राचा गाभा आहे. कोबोल नावाने एक असली, तरी प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये स्वतःचे शब्द आणि सोयी मिसळल्या होत्या. नाव तेच, आवृत्ती वेगळी. ग्राहक एकदा त्या खास सोयींवर विसंबला की त्याच कंपनीच्या दारी बांधला जाई. हॉपर यांच्या चमूने कंपायलर तपासणाऱ्या चाचणी-आज्ञावली लिहिल्या : प्रमाणित कोबोलचा प्रत्येक नियम हा कंपायलर पाळतो की नाही, हे त्या यंत्रावरच पडताळून पाहत. विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता कसोटी लावणे, ही त्यांची पद्धत पुढे शासकीय खरेदीचा आधार झाली. आम्हाला यात कालामसुत्ताचा सूर ऐकू येतो.

१९८३ मध्ये त्यांना कमोडोर पद मिळाले. १९८५ पासून ते रिअर ॲडमिरल या नावाने ओळखले जाऊ लागले. या काळात त्या सतत तरुणांपुढे बोलत. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार हाती देऊन त्या सांगत की, सेकंदाच्या एक अब्जांश भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते. त्यांच्या कचेरीतील घड्याळ उलट्या दिशेने फिरे आणि तरीही वेळ बरोबर दाखवी. चालत आलेली रीत म्हणजे सत्य नव्हे, हे त्यांना सांगायचे होते. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला.

मृत्यूनंतरची एक घटना आपल्या वाचकांना विशेष भिडेल. येल विद्यापीठातील एका निवासी महाविद्यालयाला जॉन कॅल्हून यांचे नाव होते. हे अमेरिकेचे उपाध्यक्ष गुलामगिरीचे कडवे समर्थक होते. विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ विरोध केल्यावर २०१७ मध्ये विद्यापीठाने ते नाव काढले आणि त्या जागी ग्रेस हॉपर यांचे नाव दिले. मराठवाड्यातील नामांतराचा लढा पाहिलेल्या पिढीला नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

हॉपर या गोऱ्या, सुशिक्षित, सुस्थितीतील घरात जन्मल्या; आपल्या लेकींच्या वाट्याला आलेले अडथळे त्यांच्या वाट्याला आले नाहीत, हे खरे. त्यांनी मिळविलेली विद्या मात्र कुंपणात ठेवली नाही, आणि आपल्या मुला-मुलींनी त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक शिस्त आजपासून पाळावी : आज्ञावली लिहिली की ती कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीने तयार केली आणि तिला कोणती ग्रंथालये, कोणत्या आवृत्तीची जोडली, हे तिच्या माथ्यावर लिहून ठेवावे. नवी आवृत्ती आली म्हणून घाईने बदलू नये आणि जुनी सवयीची म्हणून कवटाळूनही बसू नये. काम तपासून निवड करावी. असे लिहून ठेवलेले काम पाच वर्षांनी दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा उभे राहते. न लिहिलेले काम लिहिणाऱ्याबरोबर विद्यालय सोडून जाते.

माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. आपण नोकरीत जे शिकलात, त्याच्या वह्या मराठीत लिहून विद्यालयाच्या ग्रंथालयाला द्या. पुढच्या तुकडीतील मुलांना ते सारे पहिल्यापासून पुन्हा शोधावे लागू नये. त्यांच्यासाठी ग्रंथालयात एक कप्पा राखून ठेवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत.